ती गप्प बसली म्हणजे रमली असं नाही

पत्र:

"आमची ठमी अडीच वर्षांची आहे, पिल्लू असल्यापासून घरातच वाढलेली. दिवसभर खिडकीत बसते आणि संध्याकाळ झाली की जाळीला नाक लावून ओरडत राहते. तिला बाहेरचं जग बघायला मिळावं म्हणून मी पाठीवर घ्यायची, पारदर्शक घुमट असलेली बॅग आणली आणि दोनदा बागेत नेलं. पहिल्या वेळी इतकी शांत बसली की येणारे-जाणारे कौतुक करत होते. घरी आल्यावर मात्र पलंगाखाली शिरली ती रात्रीपर्यंत बाहेर आली नाही, जेवलीही नाही. दुसऱ्या वेळी बॅग बघूनच पळाली, धरून आत घालावी लागली. परत आल्यावर आमचा म्हातारा बोका बंड्या तिच्यावर फिस्कारला आणि पुढचे दोन दिवस दोघांचं बिनसलेलंच होतं. नवरा म्हणतो, कशाला त्या जिवाचे हाल करतेस. मैत्रीण म्हणते, नेत राहा, होईल सवय. मला मात्र वाटतं, तिला जन्मभर चार भिंतींत ठेवणं हाच तिच्यावर अन्याय आहे. काय करू?"

उत्तर:

सध्या थांबा. कायमचं थांबा असं मी म्हणत नाही, पण ती बॅग उचलून कपाटात टाका आणि पुढचे काही आठवडे ठमीच्या नजरेला पडू देऊ नका. तिला बाहेर न्यायचं की नाही हा प्रश्न नंतरचा. आधी त्या दोन दिवसांत तिचं काय झालं ते समजून घेऊ.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त लागलं ते लोकांनी केलेलं कौतुक. मांजर घाबरलं की ओरडेल, ओरबाडेल अशी आपली समजूत असते. पळायला वाट असेल तर मांजर पळतं. वाट नसेल आणि समोरचा अंगावर येत असेल तर पंजा काढतं. यातलं काहीच करता येत नसेल तर ते जागच्या जागी थिजतं. बॅगेतून पळता येत नव्हतं आणि पंजा मारावा असं समोर काही नव्हतं. ठमी शांत नव्हती, थिजलेली होती. नंतरचं पलंगाखाली बसणं आणि जेवणाकडे पाठ फिरवणं, यावरून मला याबद्दल शंका वाटत नाही.

थिजलेलं मांजर आणि रमलेलं मांजर दुरून सारखंच दिसतं, जवळून पाहिलं की फरक कळतो. घाबरलेल्या मांजराच्या बाहुल्या भरपूर उजेडातही काळ्याभोर पसरलेल्या असतात. कान बाजूला पडलेले, मान खांद्यात ओढलेली, शेपटी अंगाला घट्ट लपेटलेली, चारही पाय पोटाखाली घेतलेले. मधूनच ओठांवरून जीभ फिरते किंवा घोट गिळल्यासारखं होतं. अंगावरचे केस एकाएकी सुटायला लागतात. मांजराला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना. डॉक्टरांच्या स्टीलच्या टेबलावर उमटलेले ते छोटे ओले ठसे तुम्हीही पाहिले असतील. रमलेलं मांजर गप्प असलं तरी त्याचं अंग सैल असतं आणि काही ना काही चालू असतं. एक कान पुढे, दुसरा मागच्या आवाजाकडे, मिशा पुढे आलेल्या, नाकपुड्या हलतायत, मध्येच पुढचा पंजा चाटून होतोय. अजून खात्री हवी असेल तर खाऊ दाखवा. घरी ज्या खाऊवर ती तुटून पडते तो बाहेर नाकापाशी धरला तरी ती हुंगतही नसेल, तर तिला घरी जायचंय.

आता ती एवढी का घाबरली ते. मांजराला जग कळतं ते मुख्यतः वासाने. दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला, तुमच्या पोटरीला ती गाल घासते तेव्हा त्या जागेवर आपली खूण ठेवत असते, आणि ही खूण जिथे सापडते तिथे तिचा जीव निवांत असतो. बागेत अशी एकही खूण नव्हती. उलट कुत्र्यांचे, परक्या मांजरांचे, अनोळखी माणसांचे वास होते. माणसाचा कान साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज टिपतो, मांजराचा 60 किलोहर्ट्झच्याही पुढचे. त्यामुळे आपल्याला शांत वाटलेली बाग तिच्यासाठी शांत नव्हती. त्यात ती तुमच्या पाठीवर, प्रत्येक पावलाला हिंदकळत, आणि तुम्हाला तिचा चेहराही दिसत नव्हता.

त्या घुमटाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मला तो आवडत नाही. तो माणसांना मांजर दिसावं म्हणून केलेला आहे. धोका वाटला की मांजर सगळ्यात आधी आडोसा शोधतं, आणि इथे आडोसाच काढून घेतलेला असतो. शिवाय पारदर्शक प्लास्टिकमधून ऊन थेट आत येतं आणि दोन-चार भोकांतून आतली गरम हवा पुरेशी बाहेर जात नाही. मांजराच्या शरीराचं तापमान मुळातच 38 ते 39 अंशांच्या आसपास असतं आणि तळव्यांच्या घामाने त्याला फारसा गारवा मिळत नाही. बंद बॅगेत ते फार लवकर तापतं. ती बॅग अगदी वापरायचीच असेल तर घुमट काढून त्या जागी जाळी बसवा, आणि तरीही उन्हात नेऊ नका.

अन्यायाच्या मुद्द्याकडे येते, कारण तुमच्या पत्राचा जीव तिथेच आहे असं मला वाटलं. ठमी संध्याकाळी ओरडते, ते तिला बागेत जायचंय म्हणूनच, हे कशावरून? मांजरं पहाटे आणि संधिप्रकाशात सगळ्यात जास्त जागी आणि चपळ असतात, ती त्यांची शिकारीची वेळ. जाळीबाहेर पाखरं घरट्याकडे परततात, पाली भिंतीवर येतात, ठमीच्या अंगात शिकार भरते आणि समोर करण्यासारखं काहीच नसतं. पिल्लं न होण्याची शस्त्रक्रिया झालेली नसेल तर हे ओरडणं माजावर आल्याचंही असू शकतं. पत्रात त्याचा उल्लेख नाही. झालेली नसेल तर आधी ते उरकून घ्या, कारण माजावर आलेली मांजरी बाहेर नेणं म्हणजे तिला पळून जायचं निमित्त देणं.

त्या संध्याकाळच्या वेळेला दोरीच्या काठीने दहा-पंधरा मिनिटं मनापासून खेळा. काठी नुसती तोंडासमोर नाचवू नका. दोरीचं टोक सोफ्याच्या कडेने सरपटत न्या, कोपऱ्याआड दिसेनासं करा, थांबा, मग जरासं थरथरवा. ती दबा धरेल, मागचा भाग हलवेल, झेप घेईल. शेवटी तिला ते पकडू द्या आणि लगेच जेवण वाढा. शिकार, पकड, जेवण, अंग चाटणं, झोप या क्रमाने तिचं दिवसाचं चक्र पुरं होतं. खिडकीपाशी उंचावर एक फळी, जाळी पक्की, बसायला एक आणि लपायला एक अशा दोन जागा, एवढ्याने घरातल्या मांजराचं जग बरंच मोठं होतं. बाहेरून सुकी पानं, काटक्या हुंगायला आणून दिल्या तरी ती तासभर गुंगते. फक्त लिलीची फुलं घरात नकोत. लिलीच्या परागकणांनीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. हे सगळं महिनाभर करून बघा. ओरडणं थांबलं, तर तिला हवं होतं ते घरातच मिळालं असं समजा आणि अन्यायाचं ओझं मनावरून उतरवा.

आणि तरीही, बाहेर जायचं असो वा नसो, कॅरिअरची, म्हणजे मांजर न्यायच्या पेटीची, तयारी मात्र कराच. डॉक्टरांकडे जावं लागणार, कधी घर बदलावं लागेल, कधी आग किंवा पुरासारखं काही आलं तर पाच मिनिटांत तिला घेऊन बाहेर पडावं लागेल. त्या वेळी पलंगाखालून ओढून काढावं लागणारं मांजर आणि आपणहून कॅरिअरमध्ये शिरणारं मांजर यांत जिवाचा फरक पडू शकतो. म्हणून यापुढची मेहनत कुठल्याच परिस्थितीत वाया जाणार नाही.

नवं कॅरिअर घ्या. त्या बॅगेची आठवण तिच्या मनात बसली आहे, ती पुसत बसण्यापेक्षा वेगळी वस्तू आणणं सोपं. टणक प्लास्टिकचं, पुढे दार असलेलं आणि वरचा भाग सुटा होणारं असेल तर उत्तम. ठमीला आत उभं राहता, गोल वळता आणि अंग पसरून झोपता आलं पाहिजे, पण त्याहून फार मोठंही नको, नाहीतर चालताना ती आत घसरत राहते. आणल्यावर झाकण आणि दार दोन्ही काढा आणि खालचा भाग ती नेहमी जिथे लोळते तिथे ठेवून द्या. आत तिच्या अंथरुणातलं न धुतलेलं फडकं टाका. मग विसरून जा. तिला बोलावू नका, दाखवू नका, आत उचलून ठेवू नका.

काही दिवसांनी आत खाऊ सापडायला लागू दे. ती आधी मान लांब करून उचलेल, मग पुढचे दोन पाय आत ठेवून. मी अशा वेळी तिसऱ्या पंजाकडे लक्ष ठेवायला सांगते. दोन पाय आत असेपर्यंत मांजर पळायच्या तयारीत असतं. मागचा एक पाय उचलून आत ठेवला की त्याने जागेवर थोडा विश्वास टाकलेला असतो. आत बसून अंग चाटायला लागली, डुलकी काढली, की झाकण लावा. पुन्हा काही दिवस तसंच. मग दार बसवा, उघडंच. मग दार लोटा, खाऊ द्या, लगेच उघडा. लोटायची वेळ हळूहळू वाढवा. कुठल्याही टप्प्यावर ती बिचकली तर एक पायरी खाली या. यात लाज नाही आणि घाईही नाही. काही मांजरांना दोन आठवडे लागतात, काहींना तीन महिने.

उचलताना हँडल धरून पिशवीसारखं झुलवू नका. दोन्ही हात तळाखाली घेऊन छातीशी धरा. आधी खोलीतल्या खोलीत चार पावलं, मग घरभर, मग दाराबाहेर जिन्यापर्यंत आणि परत. प्रत्येक वेळी परत आल्यावर दार उघडायचं आणि खाऊ द्यायचा. कॅरिअरमधून गेलं तरी घर परत मिळतं, हे तिला कळायला हवं. निघण्याआधी तीन-चार तास पोटभर जेवण देऊ नका, हलण्याने उलटी होते.

तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं इथे तपासू. सवय होते हे खरं, पण भीती थोडी असते, आवाक्यात असते, तेव्हा होते. भीती डोक्यावरून वाहून जात असताना त्याच गोष्टीत पुन्हा पुन्हा ढकललं तर एकतर ती भीती घट्ट होते, नाहीतर ते जनावर प्रतिकारच सोडून देतं. ठमीने दुसऱ्या वेळी बॅग बघून पळ काढला, म्हणजे पहिल्या फेरीतून ती जे शिकायचं ते शिकली होती. पिल्लाच्या वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यादरम्यान जे दिसतं, ऐकू येतं ते पुढे सहज स्वीकारलं जातं. ती वेळ ठमीने घरात काढली. मोठ्या वयात शिकणं अशक्य नाही, पण तिच्याच वेगाने व्हायला हवं.

ती कॅरिअरमध्ये आपणहून झोपायला लागली आणि जिन्यापर्यंतची चक्कर पचवायला लागली, तर मग बाहेरचा विचार करा. बाग नको. शांत, मोकळी, कुत्री फिरायला येत नाहीत अशी जागा आणि ऊन नसलेली वेळ. कॅरिअरवर चादर टाका आणि एकच बाजू थोडी उघडी ठेवा, म्हणजे बघायचं की मागे सरकायचं हे तिचं तिला ठरवता येईल. जमिनीवर ठेवू नका. बाकावर किंवा कट्ट्यावर ठेवा आणि हात त्यावर राहू द्या. उंचावरून मांजराला धीर असतो. लोक बघायला आले तर चादर ओढून घ्या आणि "ती घाबरते" एवढं सांगा. बोट आत घालू देऊ नका. पहिल्या दिवशी पाच मिनिटं पुष्कळ झाली. ती कंटाळायच्या आत परत फिरा.

कॅरिअरबाहेर काढायचा मोह टाळा. बाहेर असताना तिच्या अंगात हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, असावा आणि त्याची छोटी दोरी कॅरिअरच्या आतल्या कडीला अडकवलेली असावी, पण तीही हार्नेसला पाठीवर, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही. हिसका बसला तर गळा आवळतो. हार्नेस आणि अंग यांच्यामध्ये एक-दोन बोटं जेमतेम जातील इतका घट्ट हवा. मांजर घाबरलं की मागे मागे सरकत सैल हार्नेसमधून क्षणात निसटतं. हार्नेसचीही सवय घरातच, हळूहळू करा. पहिल्यांदा घातल्यावर पुष्कळ मांजरं आडवीच पडतात आणि हलायला तयार होत नाहीत.

बाहेर असताना ती तोंड उघडून धापा टाकायला लागली तर कुत्र्यासारखं दमलीय असं समजू नका. मांजराच्या बाबतीत ती भीतीची नाहीतर उष्णतेची धोक्याची खूण आहे. लगेच सावलीत, गार जागी न्या, घरी परता, आणि धाप थांबली नाही तर थेट डॉक्टर गाठा. गाडीने जात असाल तर कॅरिअर सीटबेल्टने बांधा आणि बंद गाडीत तिला एकटी सोडून पाच मिनिटंही जाऊ नका. गाडीतलं तापमान दहा मिनिटांतच दहा अंशांनी चढू शकतं.

डॉक्टरांकडून रेबीजची आणि मांजरांच्या तीन मुख्य विषाणूंविरुद्धची लस, म्हणजे पॅनल्यूकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी, वेळेवर झाली आहे ना ते बघून घ्या. पिसवा-गोचिडांचं औषध मांजरांसाठीचंच हवं. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि ते मांजराच्या जिवावर उठतं. मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळखीची छोटी चिप, बसवून घ्या आणि त्या 15 आकड्यांच्या क्रमांकासमोर तुमचा चालू फोन नंबर नोंदलेला आहे याची खात्री करा. नंबर जुना असेल तर चिपचा उपयोग नाही.

एवढं करूनही निसटली तर मागे धावू नका आणि नावाने हाका मारत लांब जाऊ नका. घरातलं मांजर सहसा निसटल्या जागेच्या अगदी जवळ, एखाद्या सांदीत अंग चोरून बसतं आणि ओळखीच्या आवाजालाही ओ देत नाही. कॅरिअर उघडं करून तिथेच ठेवा, आत तिचं फडकं असू द्या. वर्दळ थांबल्यावर गुडघ्यांवर बसून गाड्यांखाली, झुडपांखाली, पायऱ्यांखाली टॉर्च फिरवा. डोळे चमकतात.

बंड्याचा राग तुम्हाला तिरसटपणा वाटला असेल. त्याच्या बाजूने बघा. ओळखीचं मांजर दारातून आत आलं, पण त्याच्या अंगाला कुत्र्याचा, गवताचा, परक्या हातांचा आणि भीतीचा वास. मांजरं एकमेकांना डोळ्यांपेक्षा नाकाने ओळखतात, त्याच्यासाठी ती कुणीतरी परकीच होती. पुढच्या वेळी, डॉक्टरांकडून आल्यावरसुद्धा, ठमीला काही तास वेगळ्या खोलीत ठेवा. घरातल्या अंथरुणाचं फडकं तिच्या अंगावरून फिरवा, मग तेच बंड्याला हुंगू द्या. दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांना एकाच वेळी जेवण द्या. दोघं निवांत जेवली की दार उघडा. फिस्कारलं तर ओरडू नका, मारणं तर नाहीच. फक्त पुन्हा वेगळं करा. बंड्याला स्वतःला बाहेर न्यायचा विचार मनात असेल तर तो सोडून द्या. त्याच्या वयात घरातली त्याची ठरलेली जागाच त्याला सगळ्यात प्रिय आहे.

आणखी एक. ठमी रात्रीपर्यंत जेवली नाही असं तुम्ही लिहिलंय. तेवढ्यावर निभावलं. पण कुठलंही मांजर पूर्ण दिवसभर उपाशी राहिलं तर वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचून ते गंभीर आजारी पडू शकतं, आणि अंगाने भरलेल्या मांजराला हा धोका जास्त. डॉक्टरांकडे जायच्या नुसत्या प्रवासानेही तिची दाणादाण उडत असेल तर त्यांना तसं सांगा, आधी द्यायची सौम्य औषधं ते लिहून देतात. घरातली माणसांची गोळी मात्र अर्धीसुद्धा नको. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे.

राहता राहिले तुमचे यजमान. त्या दोन दिवसांबद्दल त्यांचं बरोबर होतं, ते मोकळेपणाने सांगून टाका. आणि ठमी तयार झाली, तुम्ही खरंच बाहेर पडलात, तर त्यांना बरोबर घ्या. कॅरिअर धरणाऱ्याला आत नीट दिसत नाही. तुम्ही धरा, त्यांना समोरच्या बाजूने चालू द्या. तिच्या बाहुल्या, कान आणि तोंड यांच्यावर लक्ष ठेवणं एवढंच त्यांचं काम. ते "आता फिरूया" म्हणाले की वाद न घालता परत फिरायचं, अगदी दाराबाहेर पडून एक मिनिट झालं असलं तरी.